सुरवंटास नांव ठेवण्यापूर्वीं

इ. स. २०२२ च्या सप्टेंबर महिन्यांत आपल्या महाराष्ट्रांत एका अळीनें जो हाहाकार उडविला, तो आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस अद्यापि आठवत असेल. उंसाच्या फडांत व बांधावरील गवतांत एक हिरवट-पिवळी, अंगभर कांटे असलेली अळी दिसूं लागली. तिचा स्पर्श झालेल्या कांहीं शेतकऱ्यांस असह्य आग होऊन दवाखान्याची वाट धरावी लागली. आणि कोणा चतुर गृहस्थानें तिला ‘घोणस अळी’ असें नांव बहाल केलें. नांव पडण्याचाच काय तो अवकाश! मोबाईलवरून गांवोगांव संदेश फिरले कीं, ही अळी घोणस सापाइतकीच विषारी असून तिच्या दंशानें मनुष्य कांहीं मिनिटांत मरतो. पुरावा म्हणून कपाशीच्या शेतांत निपचित पडलेल्या दोन देहांचें छायाचित्रहि जोडलेलें असे. पुढें चौकशीअंतीं असें निष्पन्न झालें कीं, तें छायाचित्र जळगांव जिल्ह्यांत वीज पडून दगावलेल्या शेतकऱ्यांचें होतें. अळीचा त्याच्याशीं कांहीं एक संबंध नव्हता. कीटकशास्त्रज्ञांनीं खुलासे केले. परंतु अफवा घोड्यावर बसून जाते आणि खुलासा तिच्या मागून पायीं चालत येतो, हा नित्याचा अनुभव असल्यामुळें बांधावर पाय टाकण्यासहि माणसें कचरूं लागलीं.

आमच्या मतें या प्रकरणांत अळीपेक्षां नांवाचा अपराध मोठा होता. आपल्या भाषेंत ‘नांव ठेवणें’ याचे दोन अर्थ आहेत. बारशाच्या दिवशीं बाळाचें नांव ठेवतात आणि एरव्हीं शेजाऱ्यास नांवें ठेवतात. बिचाऱ्या अळीच्या वाट्यास हे दोन्हीं अर्थ एकाच वेळीं आले. तिची ओळख करून घेण्याची तसदी न घेतां तिला सापाचें नांव दिलें गेलें आणि मग सापाचे सर्व गुण तिच्या माथीं मारले गेले. घरांत, अंगणांत, शाळेच्या आवारांत दर पावसाळ्यांत जे सुरवंट दिसतात, त्यांच्या बाबतींतहि आपण लहान प्रमाणावर हेंच करीत असतों. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ‘सुरवंट चावला’ असें आपण सर्रास म्हणतों, परंतु सुरवंट चावत नाहीं. त्याचें तोंड पानें कुरतडण्यासाठीं आहे आणि आपल्या कातडीचें त्यास कांहीं एक प्रयोजन नाहीं. जी आग होते ती त्याच्या पाठीवरील व कुशीवरील कांट्यांची अगर केंसांची असते. हे प्रकारहि दोन आहेत आणि त्यांतील भेद समजून घेण्यासारखा आहे. कांहीं अळ्यांचे कांटे पोकळ असून त्यांच्या बुडाशीं विषाची बारीक पिशवी असते. कांट्याचें टोंक कातडींत मोडलें कीं विष आंत उतरतें आणि तात्काळ, अगदीं निखारा ठेवल्यासारखी, वेदना होते. दुसऱ्या प्रकारच्या अळ्यांचे केंस कुसळांसारखे असतात. ते सहज गळून पडतात, कातडींत रुततात, आणि त्यांच्यामुळें आगीपेक्षां खाज, पुरळ व गांधी अधिक उठतात. ज्यानें खाजकुयलीच्या शेंगेस हात लावला आहे, त्यास हा दुसरा प्रकार अधिक स्पष्ट करून सांगण्याची गरज नाहीं.

ज्या अळीस ‘घोणस’ म्हटलें गेलें, ती पहिल्या प्रकारची. तिच्या कुळास इंग्रजींत जें नांव आहे त्याचा अर्थ ‘गोगलगाय-अळी’ असा होतो आणि तें नांव मात्र खरोखरच समर्पक आहे. इतर अळ्यांस पोटाखालीं ठसठशीत पाय दिसतात. हिला तसे पाय दिसत नाहींत. ती शंख नसलेल्या गोगलगायीप्रमाणें पोटावर सरपटते आणि तिचें डोकें पुढील मांसल घडीखालीं लपलेलें असतें. ही कांहीं परदेशांतून कालपरवां आलेली पाहुणी नव्हे. या कुळांतील ‘पॅरासा लेपिडा’ नांवाची अळी आपल्या आंब्यावर, नारळावर, केळीवर, एरंडावर, डाळिंबावर, फार काय कुंडींतील गुलाबावरहि पिढ्यान्‌ पिढ्या राहत आली आहे. शास्त्रज्ञांनीं तिचें नामकरण अठराव्या शतकाच्या अखेरीसच केलेलें आहे.

तिचें रूप एकदां नीट पाहिलें म्हणजे विसरत नाहीं. पूर्ण वाढलेली अळी सुमारें इंचभर लांब, जाड व मांसल असते. रंग पोपटी असून पाठीवरून लांबीच्या दिशेनें निळा पट्टा गेलेला असतो. दोन्हीं बाजूंस उंचवट्यांच्या रांगा असतात आणि प्रत्येक उंचवट्यावर आंखूड, ताठ कांट्यांचा झुबका असतो. लहानपणीं या अळ्या पानाच्या खालच्या बाजूस घोळक्यानें राहून पान खरवडतात, त्यामुळें पानाचा वरचा पापुद्रा तेवढा कागदासारखा शिल्लक राहतो. मोठेपणीं त्या पांगतात व पान कडेपासून खाऊं लागतात. तेव्हां आंब्याचीं पानें उतरवितांना अगर एरंडाचें पान तोडतांना ज्याचा हात पानाच्या खालीं जातो, त्यास हिचा प्रसाद मिळतो. इतका भडक रंग निसर्गानें हिला शोभेसाठीं दिलेला नाहीं. तो दुरूनच वाचावयाचा इशारा आहे. आपण तो वाचावयास शिकलों नाहीं, एवढेंच.

या अळीचा कोश तर अळीपेक्षांहि फसवा असतो. चिंचोक्याएवढा, तपकिरी, टणक असा हा कोश झाडाच्या खोडास किंवा भिंतीच्या कोपऱ्यास घट्ट चिकटलेला असतो. मुलांस तो एखाद्या बीसारखा वाटतो व तीं तो नखानें उकरून काढूं पाहतात. परंतु कोशाभोंवतालच्या रेशमांतहि अळीचे कांटे गुंतलेले असतात आणि अळी दिसत नसतांनाहि बोटांची आग होते. आंतील पतंग बाहेर येतांना कोशाचें एका बाजूचें झांकण उघडतो. हा पतंग हिरव्या पंखांचा असून पंखांची कड तपकिरी असते. दिव्याभोंवतीं तो आला तर त्यास भिण्याचें कारण नाहीं.

या कुळांतील विषासंबंधीं अलीकडे चांगलें संशोधन झालें आहे. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२१ सालीं तेथील एका गोगलगाय-अळीचें विष तपासलें, तेव्हां त्यांत शंभराहून अधिक निरनिराळे प्रथिनवर्गीय घटक आढळले. म्हणजे अळीची आग हा केवळ मनाचा खेळ आहे असें म्हणून रडणाऱ्या मुलास दटावणेंहि योग्य नव्हे. वेदना खरी आहे. ती बहुधा कांहीं तासांत उतरते आणि धडधाकट मनुष्याच्या प्राणास तीपासून धोका नसतो, एवढेंच आमचें म्हणणें. जगांत प्राणघातक अळी मुळींच नाहीं असेंहि आम्ही सांगत नाहीं. दक्षिण ब्राझीलमध्यें ‘लोनोमिया’ नांवाचे सुरवंट आहेत. त्यांच्या घोळक्यावर चुकून हात पडल्यास रक्त गोठण्याची शक्ति बिघडते आणि अंगांत रक्तस्राव होऊन माणसें दगावलेलीं आहेत. साओ पाउलो येथील बुटांटान संस्था त्या विषावर सर्पविषाप्रमाणेंच प्रतिविष तयार करते. तो सुरवंट अमेरिका खंडांतला. त्याची कीर्ति आपल्या बांधावरील अळीस चिकटविणें म्हणजे एकाच्या गुन्ह्यासाठीं दुसऱ्यास फांशीं देण्यासारखें आहे.

आतां शेवग्याकडे वळूं. कारण आमच्या शाळेच्या आवारांत सध्यां जो वाद चालला आहे तो त्याच्यासंबंधींच आहे. विहिरीजवळील जुन्या शेवग्यावर दर पावसाळ्यांत करड्या-तपकिरी रंगाचे, लांब केंसांचे सुरवंट येतात. कीटकशास्त्रांत यांस ‘युप्टेरोट मोलिफेरा’ म्हणतात आणि शेवगा हेंच त्यांचें आवडतें माहेर होय. यांची एक खोड अशी कीं, ते शेंकड्यांनीं एकत्र येऊन खोडावर दाट थर करून बसतात. दुरून पाहणाऱ्यास झाडास घोंगडी गुंडाळल्याचा भास होतो. यंदां खालच्या वर्गांतील कांहीं मुलांच्या मानेवर व दंडांवर पुरळ उठली. एका मुलाच्या घरीं तर ती गोवर म्हणून चार दिवस त्यास निजवून ठेवलें होतें. वसतिगृहांतील मुलांचे सदरे त्याच झाडाखालच्या दोरीवर वाळत असत आणि वाऱ्यानें उडालेले केंस कापडांत बसत, हें मागाहून लक्षांत आलें. ज्या मुलानें सुरवंटास कधीं बोटहि लावलें नाहीं, त्यास पुरळ उठावी याचें रहस्य हें होतें. तेव्हां कांहीं पालकांनीं अर्ज केला आहे कीं, झाड तोडून टाकावें. अर्ज करणाऱ्यांची काळजी आम्हांस समजते व तीबद्दल आम्हांस आदरच आहे. परंतु अर्जांतील मागणी आम्हांस मान्य नाहीं.

मान्य न होण्याचें कारण असें. शेवग्यावर सुरवंटांचा हा मुक्काम वर्षांतून कांहीं आठवड्यांचा असतो. वाढ पुरी झाली कीं ते खालीं उतरून जमिनींत कोश करतात. उरलेलें वर्षभर झाड सावली देतें, पाला देतें, शेंगा देतें, आणि वसतिगृहाच्या आमटींत त्या शेंगांचा वाटा किती आहे हें स्वयंपाकघराच्या हिशेबावरून कोणासहि पाहतां येईल. शिवाय शेवगा तोडल्यानें प्रश्न सुटत नाहीं. आवारांत बदाम आहे, बकुळ आहे, चिकू आहे. यांच्याहि खोडांवर दुसऱ्या एका जातीचे केंसाळ सुरवंट दिवसां सालीच्या रंगांत मिसळून एकमेकांस बिलगून बसतात आणि रात्रीं वर चढून पानें खातात. आज शेवगा, उद्यां बकुळ, परवां चिकू, असें तोडतां तोडतां शेवटीं मुलांस उन्हांत उभें करावें लागेल.

कोणी म्हणतात, तोडूं नका पण पेटवा. काठीस रॉकेलचा बोळा बांधून खोडावरून फिरविण्याची रीत जुनी आहे आणि एकान्तांतल्या शेतांत तिचा उपयोगहि होत असेल. परंतु जेथें दोनशें मुलें खालून ये-जा करतात तेथें हा उपाय आम्हांस अविचाराचा वाटतो. बोळा लागतांच कांहीं सुरवंट जळतात, कांहीं तसेच खालीं पडून इतस्ततः पळतात, त्यांचे केंस सर्वत्र पसरतात, आणि झाडाची साल भाजते ती वेगळीच. त्यापेक्षां त्यांच्या दिवसां एकत्र बसण्याच्या संवयीचाच फायदा घ्यावा. अंगभर कपडे, हातमोजे व डोळ्यांस चष्मा घालून मोठ्या माणसानें सकाळच्या वेळीं थरावर साबणाचें पाणी मारावें आणि लांब दांड्याच्या झाडूनें ते साबणाच्या पाण्याच्या बादलींत पाडावे. मुलांनीं या कामास मुळींच हात लावूं नये. तेवढ्या आठवड्यांपुरती झाडाभोंवतीं दोरी बांधावी आणि कपडे वाळत घालण्याची जागा बदलावी. हा सारा खर्च कुऱ्हाडीच्या मजुरीपेक्षां कमीच भरेल.

याच कामासाठीं निसर्गानें बिनपगारी नोकर ठेवले आहेत, हेंहि विसरतां कामा नये. बहुतेक पक्षी केंसाळ सुरवंटाच्या वाटेस जात नाहींत, परंतु कोकिळेच्या कुळांतील पक्ष्यांचें तें आवडीचें खाद्य आहे. मृगाच्या सुमारास ‘पेरते व्हा’ म्हणून शेतकऱ्यास हांक देणारा पावशा आणि पावसाबरोबर येणारा चातक हे दोघेहि केंसाळ सुरवंट मिटक्या मारीत खातात. कविलोकांनीं चातकास नुसत्या पावसाच्या थेंबांवर उपाशी ठेवलें आहे; प्रत्यक्षांत तो गृहस्थ चांगला मांसाहारी आहे.

आतांपर्यंत ज्यांच्यापासून जपावें त्यांचें वर्णन झालें. परंतु आमची खरी तक्रार निराळीच आहे. ज्यांचा कांहीं उपद्रव नाहीं अशा अळ्याच आपल्या घरीं अधिक मारल्या जातात. परसांतील कढीनिंबावर किंवा लिंबावर जी अळी सांपडते ती लहानपणीं पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते व मोठेपणीं गुळगुळीत हिरवी होते. तिला डिवचल्यास डोक्यामागून नारिंगी रंगाचें दुभंगलेलें शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. तो वास हेंच तिचें शस्त्र. मुंग्यांस व लहान शत्रूंस तें पुरतें. मुलाच्या बोटास त्यानें कांहीं होत नाहीं. यांतून पुढें पिवळ्या ठिपक्यांचें काळें फुलपाखरूं निघतें. याच कुळांतील निळें-काळें भव्य फुलपाखरूं, ज्यास ‘राणी पाकोळी’ म्हणतात व ज्यास २०१५ सालीं महाराष्ट्राचें राज्य फुलपाखरूं म्हणून मान मिळाला, त्याची अळीहि लिंबाच्या जातीच्या झाडांवरच वाढते. राज्याच्या मानकऱ्यास आपण चपलेनें चिरडतों आणि वर मुलांस ‘विषारी होती’ म्हणून सांगतों!

सहावींतील एका मुलीनें गेल्या श्रावणांत अशीच एक अळी कढीनिंबाच्या डहाळीसह डब्यांत घालून वर्गांत आणली होती. घरीं तो डबा दोन वेळां फेंकला गेला होता. तिसऱ्यानें तिनें तो दप्तरांत लपविला. वर्गाच्या खिडकींत बरणीला जाळीदार फडकें बांधून आम्हीं अळी ठेवली. तिनें डहाळीस कोश बांधला आणि पंधरवड्याच्या आंत एका सकाळीं प्रार्थनेच्या वेळीं पाखरूं बाहेर आलें. त्या दिवशीं गणिताचा तास झाला नाहीं, याची नोंद प्रामाणिकपणें येथें करून ठेवितों. त्या मुलीच्या आईहि दुपारीं येऊन पाहून गेल्या.

कांटे दिसले म्हणजे विष आलेंच, असाहि नियम नाहीं. आंब्याच्या पानावर गोगलगाय-अळी असते तशीच एका फुलपाखराचीहि हिरवी अळी असते. ती चपटी असून पानाच्या मधल्या शिरेवर अशी निजते कीं, तिच्या पाठीवरील फिकट रेघ ही पानाची शीरच वाटावी. तिच्या दोन्हीं कुशींस पिसांसारखे लांब कांटे पसरलेले असतात. दिसावयास भयंकर, पण निरुपद्रवी. एरंडावरहि हाच घोटाळा होतो. तेथें एका तपकिरी फुलपाखराची कांटेरी अळी आणि वर सांगितलेली पोपटी गोगलगाय-अळी, या दोघी एकाच झाडाच्या भाडेकरणी असतात. पहिलीस स्पष्ट डोकें व पाय दिसतात. दुसरीस दिसत नाहींत. एवढें ध्यानांत ठेवलें तरी पुष्कळ काम भागतें. रुईवरची काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, अंगावर तीन जोड्या काळे मऊ तंतू असलेली अळीहि हातास अपाय करीत नाहीं. रुईच्या चिकाचें कडू द्रव्य ती अंगांत सांठविते, त्यामुळें तिला खाणाऱ्या पक्ष्यास पश्चात्ताप होतो; पण आमचे विद्यार्थी तिला खाणार नाहींत अशी आमची खात्री आहे. कण्हेरीवर व तगरीवर बोटाएवढी जाड हिरवी अळी येते, तिच्या मानेवर दोन निळे डोळे वटारलेले दिसतात व शेपटीवर शिंग असतें. ते डोळे रंगविलेले आहेत आणि शिंग बोथट आहे. सारें सोंग.

येथें कोणी विचारील कीं, ‘गुरुजी, इतकी ओळख हवी कशाला? कोणत्याहि अळीस हात लावूं नकोस, एवढें मुलास सांगितलें म्हणजे झालें.’ चार वर्षांच्या मुलास हाच नियम सांगावा, आम्हीहि सांगतों. परंतु मोठ्या मुलांस तो पुरत नाहीं. दोरीवरच्या सदऱ्यास हात न लावतां तो घालणार कसा? उंसांत खुरपणारी बाई, पाला ओढणारा गडी, आंबे उतरविणारा मुलगा यांस ‘हात लावूं नकोस’ हा उपदेश देऊन काय उपयोग? त्यांचें पोटच हातांवर आहे. त्यांस कोणत्या झाडावर, कोणत्या महिन्यांत, पानाच्या कोणत्या बाजूस काय असतें हें ठाऊक असलें पाहिजे, आणि तें त्यांना सांगणारे आमच्या शाळेंत शिकणारे त्यांचेच मुलगे-मुली असणार. २०२२ सालीं ज्या घरांत एकाला जरी ही अळी ओळखीची असती, त्या घरांत तो संदेश पुढें धाडला गेला नसता.

प्रसंग आलाच तर काय करावें, हें थोडक्यांत सांगतों. जेथें कांटे अगर केंस लागले ती जागा चोळूं नये. कोणी घोंगडी घासा म्हणतो, कोणी चुना लावा म्हणतो; घासण्यानें केंस अधिक आंत जातात आणि चुन्यानें आधींच सोललेली कातडी भाजते. चिकटपट्टी हलकेच दाबून ओढावी, म्हणजे तिजबरोबर कांटे निघून येतात. नवी पट्टी घेऊन असें चार-पांच वेळां करावें. मग साबणानें वाहत्या पाण्याखालीं धुवावें आणि फडक्यांत गुंडाळलेला बर्फ किंवा थंड पाण्याची घडी ठेवावी. अंगावरचे कपडे बदलून निराळे धुवावे. केंस डोळ्यांत गेला असेल तर घरगुती उपायांत एक घटकाहि दवडूं नये. डोळा चोळूं न देतां नेत्रवैद्याकडे जावें, कारण बारीक केंस बुबुळांत शिरून मागाहून त्रास देतात. ओठ सुजले, धाप लागली, घेरी आली, किंवा अंगभर गांधी उठल्या, तर तडक रुग्णालय गांठावें. गांधीलमाशीच्या दंशानें जसें एखाद्यास होतें तसेंच हें आहे. जमल्यास अळी डबींत घालून किंवा तिचें छायाचित्र घेऊन वैद्यांस दाखवावें.

आणखी एका खोट्या आळाविषयीं सांगावयास हवें. पावसाळ्यांत कित्येकदां सकाळीं उठल्यावर गालावर किंवा मानेवर भाजल्यासारखी लांबट रेघ दिसते, दुसऱ्या दिवशीं तीवर फोड येतात, आणि घरांतील वडील मंडळी ‘रात्रीं सुरवंट फिरला’ असा निकाल देतात. हें काम सुरवंटाचें नसतें. दिव्याच्या उजेडास भुलून काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा, मुंगीसारखा दिसणारा एक बारीक कीटक येतो. तोहि दंश करीत नाहीं. परंतु अंगावर बसला असतां आपण झोंपेंत त्यास चिरडतों आणि त्याच्या अंगांतील दाहक रस कातडीवर पसरतो. तो अंगावर दिसल्यास फुंकर घालून उडवावा, चिरडूं नये, आणि निजण्यापूर्वीं बिछान्याजवळचा दिवा मालवावा.

शेवग्यासंबंधींचा अर्ज व्यवस्थापक मंडळाच्या पुढील सभेंत यावयाचा आहे आणि आमचें मत आम्ही तेथेंहि मांडूं. तोंपर्यंत आठवीच्या मुलांनीं झाडाभोंवतीं दोरी बांधून एक फळा टांगला आहे व त्यावर आवारांत आढळणाऱ्या अळ्यांचीं रंगीत चित्रें काढलीं आहेत. तांबड्या चौकटींतल्यांस हात लावावयाचा नाहीं, हिरव्या चौकटींतल्या पाळावयास हरकत नाहीं. हा संग्रह पुरा व्हावा म्हणून पालकांस विनंति कीं, घरीं एखादी अनोळखी अळी सांपडल्यास ती मारण्याऐवजीं चिमट्यानें किंवा काटकीनें उचलून, झांकणास भोकें पाडलेल्या डबींतून शाळेकडे पाठवावी. डबींत ज्या झाडावर ती सांपडली त्याची डहाळी अवश्य घालावी आणि चिठ्ठीवर तारीख लिहावी. डहाळीवांचून आलेल्या अळीची ओळख पटविणें फार जड जातें, आणि प्रवासांत ती उपाशीहि राहते.